मदत हवी आहे: इराणचा १९१७-१९ चा दुष्काळ आणि पणजोबांची खेचरं

मंडळी, गेल्या आठवड्यात पहिल्या महायुद्धातल्या इराणी दुष्काळावरचा एक चित्रपट पाहिला. सबटायटल्स वाचत पाहिला, तरी रात्री धड झोप लागली नाही.

चित्रपटात सगळं खापर इंग्रजांवर फुटतं. थोडं वाचल्यावर मात्र वाटेकरी बरेच दिसतात. इराणने नोव्हेंबर १९१४ मध्ये तटस्थता जाहीर केली होती, पण विचारतो कोण! उत्तरेत रशियन, पश्चिमेला तुर्क, दक्षिणेत इंग्रज. त्यात पावसाने दगा दिला. पिकलं त्यातलं सैन्यांनी उचललं आणि बरंचसं जमीनदार-व्यापाऱ्यांनी भाव चढेपर्यंत दाबून ठेवलं. ओझ्याची जनावरंही फौजांनी नेली आणि रेल्वे जवळजवळ नव्हतीच, मग एका गावचं धान्य दुसऱ्या गावी जाणार कसं? मागोमाग टायफस, कॉलरा, इन्फ्लुएन्झा. मृतांच्या आकड्यावर तर भांडणच आहे. मोहम्मद गोली मज्द हे संशोधक ८० लाख ते १ कोटी म्हणतात, पण बरेच अभ्यासक ते मानत नाहीत आणि २० लाखांच्या आसपास थांबतात.

आता माझा प्रश्न. आम्ही सातारा जिल्ह्यातले. पणजोबा फौजेत खेचरांच्या तुकडीत होते. 'इराणात होतो' यापलीकडे ते फारसं बोलायचे नाहीत. आजीला फक्त एकदा सांगितलं होतं, की तिथली पोरं खेचरांच्या लिदीतले दाणे वेचून खायची. म्हणजे आमच्या खेचरांना दाणा होता. चित्रपट पाहताना सारखं तेच आठवत होतं.

तर, ते नेमके कुठे आणि कोणत्या तुकडीत होते हे कसं शोधू? मी पश्चिम इराणातल्या हमदान शहराबद्दल वाचतोय. १९१८ मध्ये ब्रिटिश जनरल डन्स्टरव्हिलने तिथे भुकेल्यांना रस्त्याच्या कामावर लावून मजुरी दिली होती. पण पणजोबा तिकडेच होते कशावरून? घरी कागद एकही नाही. एक पदक आहे म्हणतात.

प्रतिसाद १
पदक आहे म्हणजे अर्धं काम झालं. त्या काळच्या पदकांच्या कडेवर नंबर, नाव आणि तुकडी कोरलेली असते. फितीवर धातूची पट्टी आहे का तेही बघा. 'एस. पर्शिया' (साउथ पर्शिया; पर्शिया म्हणजे इराणच) असेल तर दक्षिण इराण, नोव्हेंबर १९१८ ते जून १९१९. मग हमदान विसरा, बुशेर-शिराजच्या वाटेबद्दल वाचा. 'एन. डब्ल्यू. पर्शिया' असेल तर वायव्य इराणातली १९२० सालची मोहीम. पट्टी नसली तरी नाउमेद होऊ नका, सगळ्यांना ती मिळाली नव्हती. तुकडी कळली की तिची युद्ध-रोजनिशी लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, डब्ल्यूओ ९५ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस) या मालिकेत शोधा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या चाळता येतं.

प्रतिसाद २
आजीने 'बुशेर', 'शिराज' असं काही नाव घेतलेलं आठवतं का? उच्चार बदललेला असणार, 'बुशायर'सुद्धा चालेल.

धागाकर्ता
दोघांचे आभार. 'बुसार' असा एक शब्द घरात होता खरा, आम्ही तो कुणा साहेबाचं नाव समजत होतो! पदक कोरेगावला चुलत्यांकडे आहे, रविवारी जातो. काकी ते देव्हाऱ्यात ठेवतात आणि दर दसऱ्याला चिंचेने घासतात. कडेवरची अक्षरं शिल्लक असली म्हणजे मिळवलं.