किल्ल्यावर बॉल पडला त्यावरून (पालक ग्रुप, रत्नागिरी)

ए-३०२: माझ्या लेकाच्या दंडावर दाताचे व्रण उठलेत, फोटो टाकलाय बघा सगळ्यांनी. कोण चावलं माहितीय पण नाव घेत नाही. साधा बॉल गेला किल्ल्यावर, त्यात एवढं काय

बी-१०४: नाव घ्या की ताई, माझाच आहे. सुट्टी लागल्यापासून खपत होता त्या सिंधुदुर्गावर, मोहरी पण उगवून आलेली आणि तटबंदीच बसली सगळी. चावला ते चूकच, ओरडलेय मी. पण तो म्हणतो मुद्दाम मारला

ए-३०२: मुद्दाम??? अहो त्याला समोरचा स्टंप लागत नाही

सेक्रेटरी काका: दोघांनाही आठवडाभर खाली सोडू नका. विषय संपला.

सी-२०१ मॅडम: काका, संपत नाही हो तो असा. १९८० मध्ये अमेरिकेत केनेथ डॉज म्हणून मानसशास्त्रज्ञाने अगदी असाच प्रयोग केलेला, शाळेतल्या मुलग्यांना कोडं जुळवायला दिलं आणि मग दुसऱ्या मुलाने ते मोडलं असं भासवलं. मुद्दाम मोडलं हे स्पष्ट असलं की सगळेच चिडले, चुकून झालं हे स्पष्ट असलं की सगळेच जरा नरमले, पण काहीच धड कळत नव्हतं तेव्हा एरवी मारामाऱ्या करणारी मुलं मुद्दामच केलं असं धरून चालली. म्हणजे हात उठायच्या आधी डोक्यात काहीतरी ठरलेलं असतं, आणि आपण फक्त हातावर ओरडतो

बी-१०४: म्हणजे माझा मारकुटा का?

सी-२०१ मॅडम: नाही गं, एका चाव्यावरून कोण म्हणेल. या वयात नुकसान डोळ्यासमोर असतं, समोरच्याच्या मनातलं दिसत नाही. पियाजे म्हणून स्विस मानसशास्त्रज्ञ होता, त्याने १९३२ सालीच लिहिलंय, एका मुलाकडून दार उघडताना नकळत १५ कप फुटले, दुसऱ्याने चोरून जॅम काढताना एकच फोडला, तर लहान मुलं म्हणायची १५ वाला जास्त वाईट. पण पुढे इतरांनी दाखवलं की हेतू नीट उघड करून सांगितला तर लहानांनाही तो कळतो. सांगायला हवा मात्र

बी-३०१ अप्पा: आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की हेतूबितू सगळं कळायचं

सी-२०१ मॅडम: अप्पा, तुमच्यासमोर काय बोलू पण डॉज आणि मंडळींनी १९९० मध्ये तेही तपासलं. लहानपणी घरात जबर मार खाल्लेली मुलं बाहेरही समोरचा वाईटावरच आहे असं पटकन धरतात, असं दिसलं

बी-३०१ अप्पा: बरं बाई. आमच्यातले अर्धे कोर्टकज्जे त्यातलेच असतील मग, बांधावरचा फणस पडला तरी मुद्दाम पाडला

बी-१०४: मी आत्ता विचारलं त्याला, मुद्दाम कशावरून. म्हणाला, किल्ला पडल्यावर तो हसला

ए-३०२: अहो तो घाबरला की हसतो!! शाळेत बाईंसमोर पण तसंच करतो आणि जास्त ओरडा खातो

सी-२०१ मॅडम: हे त्यालाच सांगू दे ना, तुम्ही नका सांगू

ए-३०२: पाठवते त्याला खाली. पण चाव्याचं सॉरी आधी हवंय हां

बी-१०४: मिळेल. बॉल मात्र आमच्या गॅलरीत जप्त आहे, तो द्यायला तयार नाहीये अजून