दहावी-बारावीनंतरची वाट गावच ठरवते का?

प्रश्न (शिक्षिका, सिंधुदुर्ग)
मी सावंतवाडी तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. कोकण मंडळ दहावी-बारावीच्या निकालात वर्षानुवर्षे राज्यात आघाडीवर असते, त्यामुळे गुणांची काळजी नाही. तरीही सारखेच गुण मिळवलेली मुले गावागणिक वेगळ्या वाटेला लागतात. बांद्याकडची पत्रादेवीपलीकडे गोव्यात कामाला जातात, वैभववाडीची करूळ घाट चढून कोल्हापूर गाठतात, तर बरीचशी कोकणकन्या एक्स्प्रेसने मुंबईला जातात. यंदा दहावीला ८८ टक्के मिळवलेल्या एका मुलीने विज्ञानाऐवजी कला शाखा घेतली. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाई, प्रॅक्टिकल सुटेपर्यंत आमची शेवटची एसटी गेलेली असते." तिच्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे, गाडी मात्र नाही. याला आपण मुलांची 'आवड' म्हणावे का?

उत्तर १ (बांदा)
मी बारावीनंतर गोव्यातल्या एका कारखान्यात लागलो. दुचाकीने जाऊन रात्री घरी परतता येते, डबा आईच्या हातचा असतो आणि खोलीभाडे नाही. पुण्यातल्या मोठ्या पगारातून भाडे आणि खानावळ वजा केली, तर हातात जवळपास तेवढेच उरते, म्हणून तो हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. मात्र गोव्यातल्या सरकारी नोकरीसाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, म्हणून आमच्या वाट्याला कंत्राटी कामच येते. सहा वर्षांनंतरही मी त्याच यंत्रावर उभा आहे.

उत्तर २ (वैभववाडी, सध्या कोल्हापूर)
माझ्या बाबतीत घाटापेक्षा मावशी महत्त्वाची ठरली. तिचे घर कोल्हापुरात होते म्हणून मला डी. फार्म. (औषधनिर्माण पदविका) करता आले. शेजारच्या मुलीला माझ्यापेक्षा अधिक गुण होते, पण तिचे तिथे कोणी नव्हते. वर्षभरात तिचे लग्न झाले. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क माफ झाले, हे चांगलेच आहे. परंतु त्या माफीत राहण्या-जेवणाचा खर्च येत नाही, आणि आमच्याकडे मुलीला पाठवायचे की नाही हे नेमके त्यावरच अडते.

उत्तर ३ (मालवण)
सगळे गावावर ढकलणे मला पटत नाही. तारकर्ली-देवबागकडे एकाच वाडीतली दोन मुले पाहा: ज्याच्या घराची जमीन किनाऱ्याला लागून आहे तो निवास-न्याहारी चालवतो, आणि ज्याची नाही तो त्याच्याच पाहुण्यांना रोजावर होडीतून फिरवतो. पावसाळ्यात जलक्रीडा बंद झाल्या की दुसऱ्याचे उत्पन्न थांबते. गाव एकच, सातबारा वेगळा.

प्रश्नकर्ती
सातबाऱ्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. आगारात गाडीसाठी दोनदा अर्ज देऊन झाले आहेत. आता विज्ञानाची प्रॅक्टिकल सकाळच्या सत्रात घेता येतील का, हे सोमवारी प्राचार्यांना विचारते. त्या मुलीची शाखा बदलण्याची मुदत अजून संपलेली नाही.