अनुभव धागा: नोकरी शोधताना वाचनालय कामी आलं का?

कोपऱ्यातली_खुर्ची
काल शाळा सोडल्याचा दाखला शोधताना फायलीतून एक पावती खाली पडली. 'सभासद अनामत रु. २०', साल १९९३. दाखला राहिला बाजूला, मी पावती घेऊन बसलो.

बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरी होतो. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलेलं, कार्डाच्या घड्या फाटायला आलेल्या, कॉल एकही नाही. वडील काही बोलायचे नाहीत, तेच जास्त लागायचं. म्हणून सकाळी साडेआठलाच तालुक्याचं वाचनालय गाठायचो. तिथे 'रोजगार समाचार' यायचा. शनिवारचा अंक आमच्याकडे पोचायला मंगळवार उजाडे. काठीला लावून टेबलावर आला की तासाभरात मधलं पान ब्लेडने कापलेलं. कापणाऱ्याचा हिशेब सरळ होता, जाहिरात माझ्या खिशात म्हणजे तेवढे अर्ज कमी!

शेवटी ग्रंथपाल काकांनी अंक ड्रॉवरमध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि दारातल्या सुविचाराच्या फळ्यावर खडूने लिहू लागले: 'लिपिक. शेवटची ता. १४. पोस्टल ऑर्डर लागेल. टंकलेखन मराठी ३०.' अध्यक्षांनी विचारलं, सुविचार कुठे गेला? काका म्हणाले, "खाली आहे की." खाली लिहिलेलं, 'अर्ज स्वच्छ अक्षरात लिहावा.'

माझा पहिला अर्ज त्यांनी वाचून परत दिला. 'आपला आज्ञाधारक' दोनदा लिहिलेलं आणि जन्मतारीख कुठेच नाही. तीन वेळा लिहून घेतला. फोटोच्या मागे नाव, पाकिटावर पदाचं नाव, सगळं त्यांनीच शिकवलं. पाचव्या की सहाव्या अर्जाला पाटबंधारे खात्यात लागलो. पेढे घेऊन गेलो तर म्हणाले, "आधी ते अंकगणिताचं पुस्तक आण परत, तिघं थांबलेत."

तुमचंही असं काही असेल तर लिहा.

खारी_चहा
ब्लेडवाला आमच्याही गावात होता. तो पुढे पोलिसात लागला 😄

पेठेतला_पाहुणा
पुण्यात अभ्यासिका म्हणजे एक खुर्ची, एक प्लग आणि डोक्यावर पंखा, ह्याचं महिन्याचं भाडं. पुस्तक नावाला नाही. चार वर्षं सदाशिव पेठेत राहिलो, मेसची आमटी अजून स्वप्नात येते. मग गावी परत. २०२३ ची तलाठी भरती आठवत असेल, ४,६४४ जागा आणि दहा लाखांवर अर्ज. त्यातला एक माझा. खुल्या गटाची फी १,००० रुपये, ती आईने दिली. फॉर्म मात्र वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर भरला. फोटो अपलोडच होईना, 'साइज जास्त' म्हणायचं. तिथल्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास खटपट केली, फोटो बसवला, प्रिंट हातात दिली. दोन रुपये. बाहेर कॅफेवाला ह्याचेच शंभर घेत होता.
नाही लागलो. पण मॅडमना अजून नमस्कार करतो.

दोन_पोळ्या
@पेठेतला_पाहुणा सध्या काय करता? (आमटी पातळ की गोड?)

पेठेतला_पाहुणा
पॉलिहाऊस, जरबेरा. आमटी दोन्ही.

तिरफळ
आमच्या पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाबद्दल लिहायचं आहे. १८३२ पासूनचं, आता पाटोला मोठी इमारत. पण कुकर लावलाय, नंतर येते.

स्नो_आणि_शेव
न्यू जर्सीहून. एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. २०१५ मध्ये नियम बदलला, माझ्यासारख्यांना परवाना मिळू लागला, पण तोवर सहा वर्षांची गॅप. पब्लिक लायब्ररीत एक आजी आठवड्यातून एकदा बसायच्या, रेझ्युमे बघून द्यायच्या, फुकट. मी गॅपबद्दल सॉरी सॉरी म्हणत होते. त्यांनी पेनने ती ओळच खोडली आणि विचारलं, "सहा वर्षांत काय केलंस?" मराठी शाळेचे हिशेब ठेवले, म्हटलं. "मग ते लिही ना!" त्याच ओळीवर अकाउंट्समध्ये पहिला इंटरव्ह्यू मिळाला. लायब्ररीच्या कार्डावर ऑनलाइन कोर्सही केले.
आणि ऐका, न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड शाखेने २०१८ मध्ये इंटरव्ह्यूसाठी टाय, ब्रीफकेस, हँडबॅगा द्यायला सुरुवात केली. पुस्तकासारख्या घरी न्यायच्या!

खारी_चहा
टाय उशिरा परत केला तर दंड?

स्नो_आणि_शेव
न्यूयॉर्कने २०२१ मध्ये उशिराचा दंडच बंद केला 😀

खारी_चहा
आमच्याकडे २००३ सालचे माझे साडेसात रुपये वहीत अजून लाल शाईत असतील. त्या गल्लीतून जात नाही मी.

ब_वर्ग
एरवी नुसता वाचतो, आज लिहितो. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता, नावात 'ब' आहे तो अनुदानाचा वर्ग. सकाळी सात वाजता पोरं पायरीवर बसलेली असतात. त्यांना कादंबरी नको, खुर्ची हवी. पूर्वी राग यायचा, आता कथासंग्रहांची दोन कपाटं भिंतीला सरकवून आठ खुर्च्या वाढवल्या. जुन्या सभासदांनी तक्रार केली, ती बरोबरच होती.
फॉर्म भरताना सगळ्यात जास्त घोळ नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं. म्हणून मी आधी दोन्ही कागद शेजारी ठेवायला लावतो, मगच कॉम्प्युटर चालू.
दर भरतीनंतर कुणीतरी पेढे आणतं. आणि अनुदान येतं हप्त्यांनी, त्यातून माझा पगार. किती ते लिहीत नाही. बायको म्हणते इतक्यांचे भरलेस, एक स्वतःचा भरायचास. आता वय गेलं.

दोन_पोळ्या
🙏 वाचून हात थांबला कणीक मळायचा.

कोपऱ्यातली_खुर्ची
काकांच्या पगाराचा विचार त्या वयात एकदाही मनात आला नाही. आज पहिल्यांदा आला.

उंबरठा_७१
धाग्याला सोडून आहे, माफ करा. ह्यांची कंपनी मार्चमध्ये बंद झाली. वय ५१. रोज डबा घेऊन निघतात, मला वाटायचं कुणाला भेटायला जातात. परवा कळलं, वाचनालयात बसतात. पेपर वाचतात आणि डबा खाऊन येतात. काय बोलावं कळत नाही.

स्नो_आणि_शेव
ताई, मेसेज केलाय. रेझ्युमे मी बघून देते, त्यांना सांगू नका हवं तर.

ब_वर्ग
असे दोघं माझ्याकडेही येतात. मी त्यांना काही विचारत नाही, पंख्याखालची जागा ठेवतो. एकांना सध्या नव्या पुस्तकांची दाखलनोंद करायला दिलीय, अक्षर सुरेख आहे.

तिरफळ
आले. कुकर झाला, पण लाईट गेली आणि फोन १२ टक्के. पणजीचं उद्या.

कोपऱ्यातली_खुर्ची
@ब_वर्ग एक विचारू? ती वीस रुपयांची पावती चालते का अजून? पैसे नकोत, सभासदत्व पुन्हा चालू करायचंय. जपायची म्हणून सकाळीच लॅमिनेट करून आणली.

ब_वर्ग
लॅमिनेट केलीत? आता शिक्का कुठे मारणार तुमचा ग्रंथपाल?