आमदाराने झाडांच्या विधेयकावर कुठला कौल दिला, हे मतदाराला कळायला हवं की नको?

गोरेगावकर_पूर्व

आमच्या मतदारसंघाच्या आमदारांनी पर्यावरणाशी संबंधित विधेयकांवर काय मत दिलं, ते शोधायला बसलो होतो. सापडलं नाही, आणि सापडणारही नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवत नाही. आपल्या विधानसभेत विधेयकं आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष प्रस्ताव मतास टाकतात, एका बाजूने 'होय'चा गलका, दुसऱ्या बाजूने 'नाही', की विधेयक संमत. २८८ पैकी कोण ओरडलं, कोण मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं, कोण लॉबीत चहा पीत होतं, याची नोंद नाही. कुणी पोल, म्हणजे मोजून मत, मागितला तरच मतविभागणी होते आणि तेव्हाच नावं कागदावर येतात.

अमेरिकेत लीग ऑफ कॉन्झर्व्हेशन व्होटर्स नावाची संस्था १९७० पासून आहे. तिथल्या संसदेतल्या प्रत्येक सदस्याला पर्यावरणाच्या मतदानावरून शून्य ते शंभर गुण देते. गैरहजर राहिलात तर ते मत विरोधात धरतात, म्हणजे दांडी मारून सुटका नाही. तिथल्या बऱ्याच राज्यांत तिच्या भगिनी संस्था राज्याच्या आमदारांचंही असं प्रगतिपुस्तक काढतात. आपल्याकडे प्रजा फाउंडेशन मुंबईच्या आमदारांचं प्रगतिपुस्तक काढतं. चांगलं काम आहे, पण त्यात हजेरी आणि विचारलेले प्रश्न असतात. मत नसतं, कारण कुठून आणणार?

आणि नावानिशी मतदानाने फरक पडतो, हे मुंबईने पाहिलंय. ऑगस्ट २०१९ मध्ये पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतल्या २,६४६ झाडांचा प्रस्ताव आला. २,१८५ तोडायची, ४६१ उचलून दुसरीकडे लावायची. मतदान झालं, ८ विरुद्ध ६. भाजप बाजूने, शिवसेना विरोधात. तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या दोन सदस्यांनी पुढे राजीनामे दिले, नेमकं कशावर मत घेतलं जातंय ते कळलंच नाही अशी त्यांची तक्रार होती. हे सगळं आज मला सांगता येतं कारण हात मोजले गेले. विधानसभेबद्दल असं एक वाक्य सांगून दाखवा.

माझी मागणी एवढीच: प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या टप्प्यावर नावानिशी मत.

---

जुना_पीए

पंधरा-वीस अधिवेशनं आत-बाहेर केलेला माणूस म्हणून सांगतो, ही मागणी ऐकायला छान आहे आणि तिचा उपयोग काही नाही.

१९८५ साली पक्षांतरबंदी कायदा आला. दहावं परिशिष्ट. पक्षाने व्हीप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा आदेश, काढला आणि आमदाराने उलट मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. मग तुमच्या नावानिशी यादीत दिसणार काय? सत्ताधारी सगळे होय, विरोधक सगळे नाही. ते तर बाकं बघूनही कळतं. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवलं होतं की व्हीपचं बंधन विश्वासदर्शकासारख्या ठरावांपुरतंच ठेवा. दोन वर्षांनी याच कायद्यावरच्या किहोतो होलोहान खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयही त्याच दिशेने बोललं. कुणीही ते मनावर घेतलं नाही. तुमच्या अमेरिकेत सदस्याने पक्षाविरुद्ध मत दिलं तर पक्ष नाराज होतो, त्याची खुर्ची जात नाही. तिथलं प्रगतिपुस्तक इथे आणून टांगलं तर ते पक्षाचं होईल, आमदाराचं नाही.

आमदार खरा कळतो तो सभागृहात सरकारला जाब विचारताना, म्हणजे लक्षवेधीत, तारांकित प्रश्नात, औचित्याच्या मुद्द्यात. खारफुटीवर भराव पडतोय म्हणून कोण उठलं, उत्तर गुळमुळीत आल्यावर उपप्रश्न कोणी विचारला, आणि कोण प्रश्न टाकून ऐनवेळी गैरहजर राहिलं. (ऐनवेळी गैरहजर राहण्याचीही कारणं असतात, ती इथे नको.) हे सगळं कार्यवाहीत छापलं जातं. वाचायचा कंटाळा येतो, ही वेगळी गोष्ट.

---

गोरेगावकर_पूर्व

व्हीप असतोच असं नाही ना पण! साध्या दुरुस्ती विधेयकाला संध्याकाळी सहा वाजता सभागृहात किती जण असतात ते तुम्हीच सांगा. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे २९. कधीकधी तेवढेही नसतात आणि घंटा वाजवावी लागते. मला तर 'कोणी होय म्हटलं' यापेक्षा 'कोण होतं तरी का' हेच आधी हवंय.

आणि हे मोजणं जमत नाही असंही नाही. ४ जुलै २०२२ ला शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला तेव्हा एकेकाला उभं करून शिरगणती केली, १६४ विरुद्ध ९९. स्वतःच्या खुर्चीचा प्रश्न आला की व्यवस्थित मोजता येतं, झाडांची वेळ आली की घशाच्या जोरावर!

---

जुना_पीए

खुर्चीच्या वेळीही नेहमी मोजत नाहीत हो. नोव्हेंबर २०१४ मध्ये फडणवीस सरकारचा पहिला विश्वास ठराव आवाजीनेच झाला होता. केवढा गोंधळ झाला तेव्हा.

---

देवगड_ते_दादर

दोघांचं वाचलं. आता आमचंही ऐका, कारण नावानिशी मतदान झालं तर पहिला दगड आमच्या आमदारांना बसणार.

वृक्षतोडीचे दोन कायदे आहेत हे मुंबईकरांना माहीतच नसतं. तुमच्यासाठी १९७५ चा नागरी क्षेत्रांचा झाडांचा कायदा, आमच्यासाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा. तुमच्या सोसायटीतलं झाड पब्लिकचं आणि भावनेचं. आमच्या परड्यातला फणस, आंबा, आईन म्हणजे बापाने लावलेली ठेव असते, मुलीच्या लग्नात किंवा घराच्या वाश्यांसाठी कामाला येते. त्याच्यावर दंड वाढवायचा विषय आला तर कोकणातला आमदार विरोध करणारच, आणि करायलाच हवा. मग तुमच्या यादीत त्याच्या नावापुढे लाल फुली.

पश्चिम घाटाचंही तेच. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन यांचा २०१३ चा. घाटातला कुठला भाग संवेदनशील क्षेत्र धरायचा, त्याचे २०१४ पासून केंद्र मसुद्यामागून मसुदे काढतंय, सहावा आला ३१ जुलै २०२४ ला, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहा राज्यांत मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. या रेषेत गाव आलं तर नेमकं काय बंद आणि काय चालू, हे गावात येऊन कोणी नीट सांगितलं नाही. खाणवाल्यांनी मात्र आपल्या सोयीचं बरोबर सांगितलं. लोकांनी घाबरून विरोध केला, आमदार लोकांमागे गेले. आता याला शंभरपैकी किती गुण देणार? मायनिंगसाठी विरोध करणारा आणि घराच्या दुरुस्तीला परवानगी लागेल म्हणून घाबरलेला, दोघांचं 'नाही' तुमच्या यादीत सारखंच दिसणार.

---

मेट्रोवाली

आरेचा विषय निघालाच आहे तर. रोज बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या बाईला कोणी विचारलं होतं का की तिचं मत काय? मेट्रो ३ साडेतेहेतीस किलोमीटर, २७ स्टेशनं, ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तुम्ही झाडं मोजता, मी लोकलच्या दारात लटकणारी माणसं मोजते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याला गाडीतून पडून माणसं गेली, त्यांच्यासाठी कोणाला गुण द्यायचे? पर्यावरणाच्या यादीत मेट्रोच्या बाजूचं मत विरोधात धरणार की बाजूने? सांगा आधी.

---

कलम_आणि_पोटकलम

मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या कपाटात फाइल शोधताय.

वन आणि वन्यजीव १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत. किनाऱ्याचं नियमन केंद्राच्या १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली. वनसंवर्धन कायद्याची २०२३ ची दुरुस्ती संसदेत झाली. म्हणजे 'पर्यावरण विधेयक' असं नाव कपाळावर लिहिलेलं फारसं काही विधान भवनात येतच नाही. कधीकाळी यायचं. पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये उभं केलं, केंद्राचा कायदा त्यानंतर चार वर्षांनी आला. आज उरलंय ते नागरी झाडांचा कायदा. त्यात २०२१ ला बरी दुरुस्ती झाली होती. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. त्यावर गुण द्या हवे तर. सोपं आहे, कारण अशा विधेयकाला उघड 'नाही' म्हणायला कोण धजतो?

खरा कौल दुसरीकडे लागतो. एमआरटीपी, म्हणजे १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा. २०१७ मध्ये त्यात कलम ५२क घातलं आणि ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामं अटींवर नियमित करायची वाट उघडली. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने बेकायदा तुकडे पाडून विकलेल्या जमिनी नियमित करण्याचा, २००१ चा कायदा, त्याची मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ओढली. नाल्याच्या काठावर, पाणथळीत, डोंगराच्या पायथ्याशी जे उभं राहतं ते अशा दुरुस्त्यांच्या भरवशावर. उद्देश आणि कारणे यांचं निवेदन वाचा, त्यात 'गोरगरिबांना दिलासा' असतो, 'पर्यावरण' हा शब्द औषधालाही नसतो. आणि गंमत म्हणजे अशा विधेयकांना विरोधी बाकंही फार आवाज करत नाहीत. अनधिकृत घरं सगळ्यांच्याच मतदारसंघात आहेत.

म्हणून देवगडच्या मित्राला उत्तर असं की यादी करायची तर विधेयकं निवडणारा माणूस शहाणा हवा. अमेरिकेतही सगळी मतदानं घेत नाहीत, निवडक घेतात, आणि ती निवड हेच खरं राजकारण असतं. 'कोणी निवडली' हा प्रश्न तिथेही विचारला जातो.

---

मुलुंड_चेकनाका

विधेयक, दुरुस्ती, पोटकलम... आमच्याकडे तर तेही नाही. मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्वसनासाठी घ्यायची, हे २०२४ मध्ये मंत्रिमंडळात ठरलं. सभागृहात मत कशावर घेणार? प्लास्टिकबंदीसुद्धा २३ मार्च २०१८ ची अधिसूचना होती, २००६ च्या जुन्या कायद्याखाली काढलेली. आरेची कारशेड २०२० मध्ये कांजूरला गेली, २०२२ मध्ये परत आरेत आली, सरकार बदलल्याबरोबर. यात विधानसभेचं मत कुठे लागलं? आणि खारफुटी वाचली असेल तर ती उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे, आमदारांमुळे नव्हे.

आमच्या इथल्या एका आमदारांच्या कार्यालयात मिठागरांबद्दल विचारायला गेलो होतो. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, हा विषय आपल्याकडे येतच नाही. गटाराचं काही असेल तर सांगा, लगेच करतो." आणि गटाराचं लगेच केलंही.

---

गोरेगावकर_पूर्व

मेट्रोवाली ताई, मी मेट्रोविरुद्ध नाही. कारशेडच्या जागेविरुद्ध आहे. यादीत दोन्ही वेगळं दाखवता येतं.

मुलुंडकर, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. जे मंत्रिमंडळात आणि अधिसूचनेत उरकतं ते आमदाराच्या हातात नाही, मान्य. पण मग जे थोडंफार त्याच्या हातात येतं, तेही गलक्यात विरून जाऊ द्यायचं? पीएसाहेब म्हणतात, व्हीपमुळे मत पक्षाचं होतं. होऊ दे. निदान पक्षाचं तरी लिहून ठेवा. जुलै २०२५ ला जनसुरक्षा विधेयक आलं, विधानसभेत माकपच्या एकट्या विनोद निकोले यांनी विरोध केला, ते बातमीत आलं म्हणून आपल्याला कळलं. पर्यावरणाचा विषय असता तर ती बातमीही झाली नसती.

---

देवगड_ते_दादर

बघा, म्हणजे एकटा माणूस उभा राहिला तर यादी नसतानाही कळतं. न उभे राहणाऱ्यांचं काय, ते यादीनेही कळणार नाही. ते सगळे 'पक्षाची भूमिका' म्हणतील आणि मोकळे होतील.

---

जुना_पीए

एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये, म्हणून सांगतो. पोल मागायचा अधिकार आजही आहे. नवा नियम नको, बटणं नकोत. अध्यक्षांनी 'होयचे बहुमत' म्हटल्यावर विरोधकांनी हरकत घेऊन ठामपणे पोल मागायचा. मग घंटा वाजते, दारं लागतात, माणसं लॉबीत जातात आणि नावं लिहिली जातात. कोणी मागत नाही. का? कारण आपल्याच बाकांवर किती जण कमी आहेत ते सगळ्यांसमोर येतं. शिवाय कलमवाल्यांनी सांगितलं तसं, ५२क सारख्या गोष्टीवर विरोधकालाही आपलं नाव नको असतं. आवाजी मतदान सरकारला सोयीचं आहे तेवढंच विरोधकांनाही आहे. तेव्हा गोरेगावकर, मंत्र्याला निवेदन देत बसण्यापेक्षा तुमच्या भागात विरोधी बाकावर बसणारा जो कोणी आमदार असेल त्याला पकडा. पुढच्या अधिवेशनात एमआरटीपीची कुठलीही दुरुस्ती आली तर तिसऱ्या वाचनाला, म्हणजे शेवटच्या टप्प्यावर, पोल मागाल का, लेखी सांगा म्हणावं. उत्तर काय येतं ते इथे टाका.

---

कलम_आणि_पोटकलम

लेखी कोणी देणार नाही. पण विचारा. विधेयकाचा क्रमांक घालून विचारा, नाहीतर 'पर्यावरणाबाबत आम्ही संवेदनशील आहोत' असं छापील पत्र येईल.

---

गोरेगावकर_पूर्व

मसुदा करतो रविवारी. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की विधेयकांची यादी येतेच, त्यातून क्रमांक उचलतो. सही कोण कोण करणार?

---

मुलुंड_चेकनाका

मी. मिठागरांचा एक परिच्छेद घाला, विषय येत नसला तरी.

---

मेट्रोवाली

मसुदा टाका, वाचते. मेट्रोविरुद्ध एक वाक्य जरी असलं तरी माझी सही नाही.