मकाऊच्या गिया सर्किटसाठी मागच्या विंगचा कोन किती ठेवावा? मदत हवी आहे

गाडी फॉर्म्युला रीजनल दर्जाची (एकआसनी रेसिंग गाड्यांचा एक वर्ग), 2024 पासून तिथे वर्ल्ड कप ज्या वर्गाचा होतो तोच. लॅप 6.12 किमी. अडचण नेहमीचीच : एका सर्किटमध्ये दोन सर्किटं आहेत. मँडरिनचं वळण जवळपास पूर्ण थ्रॉटलवर घेऊन लिस्बोआच्या वळणाला जोरदार ब्रेक, आणि पुढे डोंगराचा चढउतार, आंधळी वळणं, मेल्कोचा हेअरपिन. तिथे रस्ता जेमतेम 7 मीटर.

विंगचा (गाडीला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पंखाचा) कोन कमी केला की सरळ रस्त्यावर वेग मिळतो, पण डोंगरात मागचा भाग सुटतो आणि बॅरियर हातभरच लांब. विंग वाढवली तर डोंगरात भरवसा वाटतो, पण लिस्बोआच्या आधी मागचा ड्रायव्हर स्लिपस्ट्रीम (माझ्या गाडीमागे हवेचा कमी विरोध) घेऊन सहज पुढे जातो. डोंगरात ओव्हरटेक जवळजवळ अशक्य, म्हणून कमी विंगकडे कल आहे. पात्रता फेरीत मात्र याचीच किंमत मोजावी लागेल का?

अजून दोन गोष्टी. खाचखळग्यांसाठी राइड हाइट (गाडीची जमिनीपासूनची उंची) वाढवायची, की आधी डॅम्परचं हाय-स्पीड बम्प (खड्ड्यावर झटकन दाबलं जाताना डॅम्पर करतो तो विरोध) सैल करायचं? एकदम दोन्ही बदललं तर कशाचा फरक पडला तेच कळत नाही. आणि शनिवारची शर्यत 10 लॅपची, रविवारची 15 : अपघातानंतर सगळ्यांचा वेग कमी ठेवणारी सेफ्टी कार हमखास येते (मकाऊ आहे!), तर थंड टायरवर रीस्टार्टसाठी टायरचं सुरुवातीचं प्रेशर थोडं चढं ठेवता का? किती?

आकड्यांसह सांगा, कृपया.