स्कायला एकच दिवस? नका हो!

सहा जण, एक गाडी, लंडन ते स्काय (स्कॉटलंडमधलं बेट) आठ दिवसांत जमेल का असं विचारलंय ना, जमेल की, पण स्कायला एकच दिवस म्हणजे नुसती हजेरी लावणं. आम्ही पाच मित्र जूनमध्ये गेलेलो, रात्री दहालाही उजेड, त्यामुळे वेळेचं भानच राहत नाही आणि तोवर पबचं किचन बंद, मग काय, गाडीत बसून ठेपले न् लसणाची चटणी! तिकडे बरेच रस्ते एकपदरी, मधेमधे 'पासिंग प्लेस'चा फलक, समोरून गाडी आली की तिथे थांबायचं, जाणारा हात वर करून थँक्यू म्हणतो. दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर मेंढ्यांनापण हात दाखवायला लागला :)

वाटेत ग्लेनफिनन चुकवू नका. तिथे २१ कमानींचा काँक्रीटचा रेल्वेपूल आहे, १९०१ पासूनचा, वाफेची गाडी वळणावर आली की सगळे एकदम गप्प (आमचा एकजण नेमका तेव्हा पार्किंग शोधत होता, अजून ऐकवतो). आणि मिजेस! चिलटांएवढेच, पण चावून हैराण करतात, जाळीची टोपी घ्याच. दिवस कमी पडत असतील तर स्टोनहेंज (इंग्लंडमधलं प्राचीन दगडांचं वर्तुळ) खुशाल उडवा, एरवीच्या तिकिटात लांबूनच बघायचं असतं.