तरुणांचं हृदय निकामी का होतंय? ताण की दुर्लक्ष?

नदीकाठ:
हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर यांत आपल्याकडे फार गल्लत होते. अटॅकमध्ये रक्तवाहिनी अचानक बंद पडते. फेल्युअरमध्ये हृदयाचा पंप हळूहळू कमजोर होत जातो. तिरुवनंतपुरमच्या 2013च्या नोंदणीत अशा 1205 रुग्णांचं सरासरी वय 61च्या आसपास निघालं, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांच्या दुखण्याचं मूळ हृदयाच्या रक्तवाहिन्यांत होतं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: न मोजलेलं बीपी, न तपासलेली साखर आणि तंबाखू. तिशीतल्या माणसाने शेवटचं बीपी कधी मोजलं ते विचारा, त्याला आठवत नाही. 'ताण' हे सोयीचं उत्तर आहे.

शेवटची लोकल:
अजिबात सहमत नाही. विरारहून चर्चगेटला रोज उभ्याने जाणारा, आठवड्याआड नाइट शिफ्ट करणारा पोरगा पाच तास झोपतो आणि मिळेल ते खारट-तळलेलं खातो. बीपी वाढतं ते यातूनच. सरकारी ओपीडी सकाळची, तेव्हा तो कामावर. तपासायला गेला तर खाडा पडतो. यात 'दुर्लक्ष' कुणाचं?

पडघम:
मूळ मुद्दा दोघंही टाळताय. हे सगळं 2021 नंतर वाढलं. लस घेतल्यावर.

नदीकाठ:
@पडघम, आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) 2023चा अभ्यास वाचा. 18 ते 45 वयातले अचानक झालेले मृत्यू, देशभरातली 47 रुग्णालयं. लस घेतलेल्यांत धोका वाढलेला दिसला नाही, उलट कमी दिसला. वाढलेला दिसला तो कोविडमुळे दवाखान्यात राहावं लागलेल्यांत, ज्यांच्या घराण्यात आधी कुणाचा अचानक मृत्यू झाला होता त्यांच्यात आणि आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा अतिश्रम झालेल्यांत.

पडघम:
तो अभ्यास अचानक मृत्यूंचा आहे, फेल्युअरचा नाही. आणि लसीमुळे हृदयाच्या स्नायूला सूज येते हे परदेशात मान्य झालंय.

नदीकाठ:
पहिलं बरोबर. दुसरं म्हणाल, तर ती सूज मुख्यतः एमआरएनए लसींनंतर (फायझर, मॉडर्ना), तरुण मुलांत, क्वचित दिसली. आपल्याकडे बहुतेकांनी कोविशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली.

रातपाळी सिस्टर:
कार्डिऑलॉजी वॉर्डात काम करते, म्हणून लिहिते. तुमची चर्चा शहरातच अडकली आहे. आमच्याकडे गावाकडून विशी-पंचविशीच्या मुली येतात, त्यांच्या हृदयाची झडप खराब झालेली असते. लहानपणी घसा सुजला, मग ताप आला, सांधे धरले आणि त्या तापाने झडप गेली. दर 21 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असतं, ते लग्न झाल्यावर बंद पडतं, कारण सासरी सांगायचं नसतं. मग पहिल्या बाळंतपणात धाप लागते. काहींची झडप चांगली असते, पण बाळंतपणाच्या सुमारास हृदयाचा स्नायूच कमजोर होतो. घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू द्या. या मुलींना कुठला ताण आणि कुठलं दुर्लक्ष लावणार?

जुनी वही:
आनुवंशिकता कुणीच धरली नाही. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात छोटा तुकडा गळालेला असतो. दक्षिण आशियातल्या सुमारे 4 टक्के लोकांत तो दोष सापडतो, असं 2009 साली छापून आलंय.

नदीकाठ:
जनुकं हजारो वर्षं तीच आहेत. त्यांनी धोका समजेल, अलीकडची वाढ समजणार नाही. जिमबाहेर स्टेरॉइडची इंजेक्शनं विकली जातात, ती मात्र नवी आहेत आणि हृदयाचा स्नायू बिघडवतात.

रातपाळी सिस्टर:
कारणावर भांडा, पण लक्षणं ओळखा. आडवं झालं की धाप लागते, दोन उशा लागतात, संध्याकाळी घोटे सुजतात. तरुण आहे म्हणून महिनोन्‌महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या चालतात. टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) लवकर झाला तर आताच्या औषधांनी पंपिंग बऱ्याच जणांचं सुधारतं.

शेवटची लोकल:
ताई, तो एको करायलाही एक दिवसाचा पगार जातो. नदीकाठ, 'दुर्लक्ष कुणाचं?' याचं उत्तर अजून आलेलं नाही.